छत ठोकल्याशिवाय

"अगं बाई, किती रोडावली आहे ही," कल्पना वहिनी म्हणाल्या.

'ही' म्हणजे आमचं भूत. प्रफुलने पाच महिने खपून बनवलेलं. कोळशाच्या खाणीतल्या काळोख्या बोगद्यात खेळणारा वळला की त्याच्या तोंडासमोर येऊन किंचाळणारी, पांढऱ्या डोळ्यांची बाई. शेजारच्या कल्पना वहिनींनी आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता, म्हणून तर त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्या किंचाळतील, निदान कंट्रोलर टाकून उठतील, अशी माझी अपेक्षा. त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि मागे वळून मला विचारलं, "हिला पोरंबाळं होती का गं?"

गेम तपासायला माणूस बसवला की बनवणाऱ्याने त्याच्या मागे बसायचं, तोंड उघडायचं नाही, फक्त वहीत लिहायचं, असा आमचा नियम होता. मी वहीत 'रोडावली' असं लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

वहिनी आणखी दहा मिनिटं खेळल्या. आणखी तीन भुतं आली. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी जांभई दिली. मग नळाची वेळ झाली म्हणून उठल्या, "छान आहे हो, मेहनत दिसते," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

ही २०१७ च्या मे महिन्यातली गोष्ट. चंद्रपूरला तुकूममध्ये आमच्या घराच्या वरच्या खोलीत आम्ही काम करायचो. अंधार हवा म्हणून खिडक्यांना चादरी आणि जुन्या रजया ठोकलेल्या, बाहेर सेहेचाळीस डिग्री ऊन, आणि खोलीत कूलरची घरघर. या अशा खोलीत बसून आम्ही लोकांना भीती घालू बघत होतो.

प्रफुल गेडाम आणि मी इंजिनीअरिंगपासूनचे मित्र. नागपूरच्या नोकऱ्या सोडून दोघांनी दोन वर्षं या एका गेमला दिली होती. गेम प्रकाशित करून जगभर पोहोचवणाऱ्या बंगळुरूच्या एका कंपनीला आमची कल्पना आवडली होती, पण गेम खेळून बघितल्यावर त्यांनी दोनच वाक्यं पाठवली. भीती वाटली नाही. पुढे खेळावंसंही वाटलं नाही. वर शनिवारी दुपारी बारापर्यंत सुधारून पाठवला तर एकदाच पुन्हा बघू, असं कळवलं होतं. वहिनी उठून गेल्या तो मंगळवार. शनिवारी जमलं नाही तर प्रफुल हैदराबादला आणि मी पुण्याला, पत्त्यांचे ऑनलाइन गेम करणाऱ्या कंपनीत. एक जूनला हजर व्हा, असं पत्र माझ्या टेबलाच्या खणात पडलं होतं. मला पत्ते पिसायचे नव्हते. मला हा गेम करायचा होता, आणि तो असा करायचा होता की खेळणाऱ्याच्या हाताला घाम सुटला पाहिजे.

"अजून दोन भुतं टाकू का?" प्रफुलने विचारलं.

"तू एक काम कर. तू गप्प बस."

"किंचाळी वाढवतो मग."

तेवढ्यात बाबा पक्कड घेऊन वर आले. कूलरचा पंप पाणी ओढत नव्हता. बाबा, म्हणजे देवाजी मोहुर्ले, एकतीस वर्षं जमिनीखालच्या कोळसा खाणीत होते, त्यातली शेवटची चोवीस सरदार म्हणून. सरदार हा तिथला हुद्दा. माणसं कामाला लागायच्या आधी एकट्याने पुढे जाऊन जागा तपासायची आणि धोका नसेल तरच 'या' म्हणायचं, हे त्याचं काम. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती आणि घरातला प्रत्येक स्क्रू ते आठवड्यातून एकदा आवळत असत.

सरदाराच्या मुलीने खाणीवर गेम केला आणि बापाला एक प्रश्न विचारला नाही, हे ऐकून आज लोक हसतात. पण आमच्या घरात खाणीचा शब्द काढायचा नाही, असा आईचा कायदा होता. बाबा पाळीवरून आले की अंघोळ, मग जेवण, आणि आज काय झालं हे कुणी विचारायचं नाही. कायदा कशासाठी, हेही विचारायचं नाही. म्हणून मी माझी खाण इंटरनेटवरच्या फोटोंवरून बांधली. कुठल्या तरी दूरदेशीची खाण ती. उंच, ऐसपैस, भिंतींवर ओळीने दिवे.

बाबा पंप उघडता उघडता थांबले. स्क्रीनकडे बघत राहिले.

"हे काय होय?"

"खाण आहे बाबा. गेममधली."

"यात सरदार कुठं हाय?"

"सरदार नाही. एकटा माणूस आहे. तो वाट चुकून आत जातो आणि मग भुतं..."

"छत कोन पाह्यलं?"

मला प्रश्नच कळला नाही. प्रफुल हसला. मला वाटलं, पंधरा जणांनी खेळून बघितलाय, सोळावे बाबा. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि हातात कंट्रोलर दिला. चालायचं कसं आणि वळायचं कसं, ते त्यांना दोन मिनिटांत जमलं. माणूस खाणीच्या तोंडापर्यंत नेला आणि थांबवला. एक मिनिट गेलं. तीन गेली. मी वही घेऊन मागे बसले होते आणि लिहायला काही नव्हतं.

शेवटी प्रफुलला राहवलं नाही. "काका, पुढे जायला ते वरचं..."

"दिसून राहिलं मले."

"मग जा ना."

"छत ठोकल्याबिगर मी आत जात नाही."

"बाबा," मी म्हणाले, "हा गेम आहे. इथे कुणी मरत नाही."

"कोनी मरत नाही तर मंग लोकायनं घाबरावं कायले?"

त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला, पंप जोडला, कूलर सुरू झाल्याची खात्री केली आणि खाली गेले.

मी तणतणले. सोळा माणसं बसवली, त्यात एकाने तर आत पाऊलही टाकलं नाही, असं बरंच काही बोलले. प्रफुल मला कधी समजावत नाही, ऐकून घेतो. मी बोलून थकले तेव्हा तो म्हणाला, "पण तेच एक घाबरले." आणि ते खरं होतं. बाकीचे पंधरा जण आमच्या खाणीत बाजारात शिरावं तसे शिरले होते. तोंडाशी थबकलेला पहिला माणूस म्हणजे बाबा, आणि तेही एकही भूत बघायच्या आधी.

बुधवारी सकाळी आई अंगणात कैऱ्या चिरत होती आणि बाबा पेपर वाचत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"बाबा, छत ठोकतात म्हणजे काय करतात?"

आईचा विळीवरचा हात थांबला. "जोसना," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण लहानपणी या स्वरानंतर मी गप्प होत असे.

"मला माहीत हवंय आई. शनिवारी सगळं संपणार आहे. मग विचारून काय करू?"

आई बाबांकडे बघत राहिली. बाबांनी पेपरची घडी केली. बराच वेळ ती घडी करत बसले. मग म्हणाले, "झाडू आन. लंबा वाला."

त्यांनी झाडूचा बांबू उलटा धरला आणि बैठकीच्या छताला ठोकला. टण्ण. दोन पावलं पुढे. टण्ण. स्वयंपाकघराच्या दारावर मागच्या पावसाळ्यात गळत होतं, तिथे ठोकला. बद्द.

"आयकलं?"

"पोकळ आहे."

"वरून दिसून राहिलं का काही?"

दिसत नव्हतं. रंग तसाच होता, भेगही नव्हती.

"असंच राह्यते. पडनारं छत अन् न पडनारं छत, दिसाले सारखंच. डोये कामाचे नाही. कान. अन् कान बी फसवते कधी." त्यांनी मला स्टुलावर चढवलं. "दुसरा हात छताले लाव. बोटं फक्त. आता मी ठोकतो."

बोटांना बारीक थरथर लागली. चांगल्या छताला ती लागत नव्हती. मी स्टुलावर उभी होते, हात वर, आणि माझ्या अंगावर काटा आला. सत्तावीस वर्षं ज्या छताखाली जेवले त्याची मला भीती वाटली, आणि गंमत म्हणजे मला ते आणखी ठोकून बघायचं होतं. दुपारपर्यंत मी अख्खं घर ठोकलं. आई कैऱ्या घेऊन माजघरात निघून गेली होती. संध्याकाळी कुंभारआळीत नवा माठ घ्यायला गेले, तर तिथे बायका माठ ठोकून बघत होत्या. मी दहा माठ ठोकले आणि कुंभाराने मला हाकललं.

"सगळी भुतं काढायची," मी प्रफुलला सांगितलं.

"अकराच्या अकरा?"

"अकराच्या अकरा."

"पाच महिने," तो म्हणाला. "भूत काढलं तर हॉरर कसला राहिला? लोक काय छताला घाबरणार?"

"तू घाबर आधी." मी त्याला स्टुलावर उभा केला.

तो उतरला तेव्हा खुर्चीत बसून राहिला. मग म्हणाला, "कंट्रोलरमध्ये कंपन असतं. भुताने झडप घातली की हादरतो, तसं ठेवलं होतं मी. ते काढून छताला जोडता येईल." आणि त्याने स्वतःच्या हाताने ती रोडावलेली बाई पुसून टाकली. त्या वेळी मी दुसरीकडे बघितलं. भांडायला मी कायम तयार असते, पण ते मला बघवलं नाही.

गुरुवारी बाबा आपणहून वर आले. पालथ्या बादलीवर बसले.

"कूलर बंद करा."

"काका, मरू आपण."

"खाली पंखा राह्यते का? आवाजात आवाज कसा आयकू येईन?"

कूलर बंद झाला आणि शनिवारपर्यंत आम्ही तिघं त्या भट्टीत बसलो. बाबा सांगत, मी लिहीत जाई, प्रफुल बांधत जाई. माझे उंच बोगदे त्यांनी बसके करायला लावले. भिंतींवरचे दिवे विझवले. दिवा फक्त टोपीवर, आणि तोही पाळीपुरता चालणारा. छताला लोखंडी नाही, लाकडी टेकू. "लाकूड तुटाच्या आधी बोलते. लोखंड बोलत नाही."

"पण माणूस आत जातो कशाला?" प्रफुलने विचारलं. "भुतंच नाहीत, तर काहीतरी कारण पाहिजे."

"पाळी सुटली का दिवे परत जमा होते," बाबा म्हणाले. "एक दिवा आला नाही. म्हंजे एक मानूस आत हाय. तो आनाले सरदार जाते. अजून काय कारन पाह्यजे?"

मग सगळं भराभर जुळलं. खेळणारा म्हणजे सरदार. हातात दांडा. ठोकलं तर कळतं, पण ठोकण्यात वेळ जातो आणि दिवा उतरत जातो. न ठोकता पुढे गेलात तर वेळ वाचतो, आणि छत खाली आलं तर खेळ संपला. कुठे ठोकायचं आणि कुठे धावायचं हे दर चार पावलांवर तुम्हीच ठरवायचं, दुसरं कुणी नाही. मी आजवर माणसाला दचकवत होते. दचकलेला माणूस पुढच्या क्षणी मोकळा होतो. इथे त्याला मोकळं होताच येत नव्हतं.

"आतला मानूस बी ठोकते," बाबा मध्येच म्हणाले.

"म्हणजे?"

"गोट्यानं. भिंतीवर. मी हाय म्हनून सांगाले. तुमी ठोकलं का तो ठोकते. अन् लवकर या म्हनून जोरात ठोकते."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ठाऊक हाय," ते म्हणाले आणि पाणी प्यायला खाली गेले.

तो आवाज आम्ही शुक्रवारी सकाळी घातला. प्रफुलने हेडफोन लावून एकदा ठोकलं आणि लांबून, भिंतीच्या आतून, तीनदा टक टक टक आलं. त्याने स्वतःच बसवलेला आवाज होता तो. तरी त्याने हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "यार, हा वाट बघतोय."

दुपारी कल्पना वहिनींना पुन्हा बसवलं. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. पहिल्यांदा सातव्या मिनिटाला छत आलं. त्यांनी विचारलंही नाही, पुन्हा सुरू केलं. दुसऱ्यांदा आतून ठोकणं वाढलं तशी त्यांनी घाई केली आणि पुन्हा छत आलं. तिसऱ्यांदा त्या प्रत्येक पावलाला थांबू लागल्या आणि पुटपुटू लागल्या, "येते बाबा, येते, थांब जरा." पदराने हात पुसत होत्या. खाली त्यांच्या सासूबाई नळ आल्याची हाक मारत होत्या.

"वहिनी, पाणी जाईल," नियम मोडून मी म्हणाले.

"जाऊ दे. याला आत ठेवून मी घरी कशी जाऊ?"

त्या दिवशी वहिनींच्या घरी पाणी भरलं गेलं नाही. सव्वा तासाने वहिनी त्या माणसापर्यंत पोहोचल्या, खुर्चीत मागे रेलल्या आणि हसल्या. पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "बाई गं, जीव घेतलास माझा. उद्या परत येऊ का?"

मी वहीत ते वाक्य लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

शनिवारी सकाळी साडेनऊला बाबांना बसवलं. पाठवायच्या आधी सरदाराचं 'या' मला हवं होतं. ते खाणीच्या तोंडाशी आले, थांबले, दांडा वर केला, ठोकलं. टण्ण. आणि पहिल्यांदा आत गेले.

असं कुणी खेळताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. दर चार पावलांवर ते थांबत. ठोकत. कंट्रोलरवरची बोटं हलकी ठेवत, थरथर कळावी म्हणून. एकदा टेकू कुरकुरला, तर दोन पावलं मागे येऊन नुसते उभे राहिले. आतला माणूस ठोकत होता, आधी तीनदा, मग सारखा, मग चिडल्यासारखा. बाबांनी चाल वाढवली नाही. शेवटच्या बोगद्याचं छत पोकळ निघालं. पलीकडे, वीस पावलांवर, त्या माणसाच्या दिव्याचा उजेड दिसत होता. धावत गेलं तर अर्धा मिनिट. बाबा मागे फिरले आणि पाण्याने भरलेल्या लांबच्या वाटेने निघाले. वाटेत त्यांचा दिवा संपला. स्क्रीन काळी ठिक्कर. सहा मिनिटं खोलीत फक्त त्यांचं ठोकणं आणि त्याला येणारं उत्तर, एवढंच ऐकू येत होतं. प्रफुल शर्टाची कॉलर चावत होता. बाबांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि त्यांना तो पुसायचं भान नव्हतं.

शेवटी उजेड दिसला. कलंडलेल्या टेकूखाली पाय अडकलेला माणूस. सरदाराला बघून तो बोलला. आवाज प्रफुलचाच होता, घाईत भरलेला. "धन्यवाद. तुम्ही माझे प्राण वाचवलेत."

बाबांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"असं नाही म्हनत कोनी."

"मग काय म्हणतात काका? सांगा, बदलून टाकतो. अजून तासभर आहे."

"पह्यले काही म्हनत नाही. पह्यले हात धरते त्याचा. सोडतच नाही." ते स्क्रीनकडे बघत होते. "मंग मी म्हनलो होतो, किती उशीर केला रे."

प्रफुलचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

"तुम्ही?" मी म्हणाले. "तुम्ही आत होता?"

"सतरा घंटे."

मग बाबा बोलू लागले, हळू, आम्हाला गेमबद्दल सांगायचे त्याच स्वरात. "राजय्या सरदार होता तवा. चार पावलं आला का थांबे. थांबला का मले वाटे, गेला परत. मी आतून गोट्यानं ठोकत राहो. शिव्या देल्या मी त्याले, मायबापावरून. ये ना लवकर. त्याच्या पह्यले वामन आला होता, माह्या जोडीचा. धावत आला होता."

"त्याचं काय झालं?"

"त्याच्या पायाचा आवाज येत होता. मंग नाही आला."

मी विचारलं, कधी. ते म्हणाले, एकोणनव्वदचा डिसेंबर. मी नव्वदच्या एप्रिलमधली. तो हिशेब कुणालाही झटकन जमेल असा होता, तरी मला तो करायला वेळ लागला. दोन वर्षं मी लोकांना घाबरवायला धडपडत होते. त्या शनिवारी, लख्ख सकाळी, कूलर बंद असलेल्या खोलीत मी स्वतः घाबरले, इतकी की बाबा समोर बसलेले असूनही मी त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला. आणि रडले. लाज वाटली नाही.

दारात आई उभी होती. ताकाचे पेले घेऊन कधी आली होती कुणास ठाऊक.

"सतरा नाही," ती बाबांना म्हणाली. "घरी याले एकोनीस लागले." तिने पेले टेबलावर ठेवले आणि बाबांच्या बादलीवर बसली. त्या दिवशी पहिल्यांदा ती आमच्या खोलीत बसली.

घड्याळात अकरा वीस झाले होते. प्रफुलने माइक बाबांसमोर ठेवला. विचारायचं धाडस त्याला होत नव्हतं आणि मलाही. आईच म्हणाली, "म्हना जी एकदा. पोरायचं काम अडून राहिलं."

बाबांनी डोळे मिटले. हात पुढे केला, कुणाचा तरी हात धरावा तसा, आणि म्हणाले, "किती उशीर केला रे." शेवटी त्यांना थोडा खोकला आला. प्रफुलने खोकलाही ठेवला. अकरा एक्कावन्नला आम्ही गेम पाठवला आणि कूलर लावला.

पुढच्या गुरुवारी बंगळुरूहून फोन आला. ज्या बाई बोलत होत्या त्यांनी 'आम्ही घेतोय' हे इतकं सहज सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं. त्यांच्या ऑफिसात पाच जणांनी खेळला होता. पाचही जण मेले होते आणि पाचही जणांनी पुन्हा सुरू केला होता. प्रफुलने हैदराबादचं पत्र फाडलं. मी माझं तसंच ठेवलंय, कधी माज चढला तर बघायला.

बाईंची एकच अट होती. शेवटचं वाक्य हिंदी, इंग्रजी आणि इतर भाषांत त्याच आवाजात हवं. ते म्हातारे कलाकार कोण, त्यांना स्टुडिओत आणता येईल का?

बाबा गच्चीवर कूलरच्या जाळ्या धूत होते. मी विचारलं.

"नाही म्हन त्यायले."

"एकच वाक्य आहे बाबा."

"एकच हाय म्हनूनच. घडीघडी म्हनाचं नाही ते."

मी कंपनीला नाही कळवलं. त्यांनी तीन दिवस मनधरणी केली, मग धाक घातला, मग दुसऱ्या कलाकाराचा आवाज ऐकवला. मी हटले नाही. माझा स्वभाव आजवर मला भोवतच आला होता, तेव्हा एकदा कामी आला. आज हा गेम अकरा भाषांत आहे आणि अकराही भाषांत त्या अंधारातला माणूस चंद्रपूरचं मराठी बोलतो. खाली अर्थ लिहून येतो, पण बऱ्याच जणांचं तिकडे लक्षच जात नाही, असं ते आम्हाला कळवतात.

गेल्या वर्षी ब्राझीलमधल्या एका मुलीचं पत्र आलं. तेवीस वेळा मेल्यावर ती त्या माणसापर्यंत पोहोचली होती. तिने लिहिलं होतं, तो काय बोलला ते मला कळलं नाही, पण मी एकटीच खोलीत बसून त्याला म्हणाले, माफ कर.

मी ते बाबांना मराठीत करून वाचून दाखवलं.

"राजय्या बी तेच म्हनला होता," ते म्हणाले.